लिली मागितली आणि भलतंच उगवलं: बारमाही झाडांच्या नावांचा घोळ कसा सोडवायचा

दर सीझनला हा प्रॉब्लेम येतोच येतो. कोणीतरी विचारतं, माझ्या लिलीला दोन वर्षं झाली फूल नाही, काय करू? लगेच उत्तरं सुरू होतात. एकजण सांगतो कंद खोल लावा, दुसरी म्हणते छे छे, कंदाची मान मातीच्या वर पाहिजे, तिसरा म्हणतो महिनाभर पाणी तोडा, चौथी म्हणते पाणी अजिबात तोडू नका मुळं सुकतील. विचारणारा बिचारा सगळं थोडं थोडं करून बघतो आणि झाड जातं. यात चुकीचं कोणीच बोललेलं नसतं हो. प्रत्येकाकडे लिलीच आहे, फक्त प्रत्येकाची लिली वेगळी आहे.

माझ्याकडे हे कसं झालं ते सांगते. एका मैत्रिणीने तीन कंद दिले, लिलीचे आहेत म्हणाली. मी लिलीची माहिती वाचली, त्यात लिहिलं होतं की कंदाच्या उंचीच्या दोन-तीन पट खोल खड्डा करा, तसा केला, वर छान माती दाबली, पाणी घातलं आणि वाट बघत बसले. दीड महिना काहीच वर आलं नाही म्हणून उकरून बघितलं तर दोन कंद चिखलासारखे मऊ, हात लावला की वास, आणि तिसरा जेमतेम तग धरून होता. तो धुऊन हातात घेतला तेव्हा नीट बघितलं. कांद्यासारखा गोल, वर तपकिरी कोरडा पापुद्रा, आणि मान जाड. म्हणजे हिप्पिॲस्ट्रम, ज्याला बहुतेक लोक ॲमॅरिलिस म्हणतात. त्याचा कंद तिसरा हिस्सा तरी मातीच्या वर ठेवायचा असतो, आणि मी त्याला पुरून टाकलं होतं. मैत्रीण खोटं बोलली नव्हती, मी वाचलेली माहितीही चुकीची नव्हती, मधला शब्द तेवढा दोन झाडांना लागू होता. तो तिसरा कंद मी वर उचलून लावला आणि तो वाचला.

तेव्हापासून कोणी कुठल्याही बारमाही झाडाची तक्रार सांगितली की मी खत, ऊन, कीड हे सगळं नंतर विचारते, आधी विचारते की हे झाड तेच आहे हे तुम्हाला कशावरून कळलं. वार्षिक झाडाचं नाव चुकलं तर एक सीझन जातो, पण बारमाहीचं चुकलं तर ते चुकीच्या जागी, चुकीच्या पाण्यावर तीन-तीन वर्षं कुढत राहतं आणि आपल्याला वाटतं आपला हातच झाडाला लागत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मराठीत प्रजाती हा शब्द कोणी जीनससाठी वापरतं, कोणी स्पीशीजसाठी, विश्वकोशात एक अर्थ आणि पेपरात दुसरा, त्यामुळे मी इथे सरळ जीनस आणि स्पीशीज असेच शब्द वापरते. जीनस म्हणजे आडनावासारखं आणि स्पीशीज म्हणजे त्या घरातलं नेमकं माणूस, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. दोन शब्दांचं नाव द्यायची ही पद्धत वनस्पतींसाठी स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या १७५३ सालच्या ग्रंथापासून धरली जाते.

घोळ कुठल्या जातीचा आहे ते आधी ओळखा

सगळे घोळ एकसारखे नसतात. काही वेळा एकच बोलीतलं नाव पाच वेगवेगळ्या झाडांना असतं, हा खरा धोकादायक प्रकार, कारण इथे झाडच वेगळं असतं आणि त्याची निगाही वेगळी असते. काही वेळा उलटं असतं, झाड एकच पण शास्त्रीय नावं तीन-चार, यात घाबरण्यासारखं काहीच नाही, झाड तेच, निगा तीच, फक्त लेबलं जुनी-नवी. आणि तिसरा प्रकार म्हणजे टॅगवर जे लिहिलंय ते बोलीतलंही नाही आणि शास्त्रीयही नाही, विकण्यासाठी दिलेलं नाव आहे. लोक दुसऱ्या प्रकारावर तासन्‌तास वाद घालतात आणि पहिल्या प्रकाराकडे लक्षच देत नाहीत. व्हायला पाहिजे नेमकं उलटं.

पहिला प्रकार: नाव एक, झाडं अनेक

लिलीपासूनच सुरू करू, कारण सगळ्यात जास्त झाडं याच नावाखाली मरतात. खरी लिली म्हणजे लिलियम. पण डे लिली म्हणजे हेमेरोकॅलिस, रेन लिली म्हणजे झेफिरँथस, स्पायडर लिली म्हणजे बहुतेक वेळा हायमेनोकॅलिस पण कधी लायकोरिस तर कधी क्रायनम, पीस लिली म्हणजे स्पॅथिफायलम, कॅला लिली म्हणजे झँटेडेशिया, कॅना लिली म्हणजे आपली कर्दळ, जिंजर लिली म्हणजे सोनटक्का, वॉटर लिली म्हणजे कमळाच्या तळ्यातली निम्फिया, फ्लेम लिली म्हणजे कळलावी. यातल्या बऱ्याच जणी एकमेकींच्या लांबच्या नातेवाईकसुद्धा नाहीत. लिली ऑफ द नाईल म्हणून जो ॲगापँथस विकतात तो तर नाईलच्या काठचाही नाही, दक्षिण आफ्रिकेतला आहे.

फूल आलेलं नसताना हे ओळखायचं कसं, तर माती बाजूला करून खाली बघा. खरंच, फुलापेक्षा खालचा भाग जास्त खरं बोलतो. लिलियमचा कंद खवल्यांचा असतो, सोललेल्या लसणाच्या पाकळ्या एकमेकींवर सैल चिकटवल्यासारखा, आणि त्याला वरून कागदी पापुद्रा नसतो, त्यामुळे तो उघड्यावर पटकन सुकतो. हा खोल लावायचा. हिप्पिॲस्ट्रम आणि क्रायनमचा कंद कांद्यासारखा, पापुद्र्याचा, मान वर ठेवायची. झेफिरँथसचे कंद छोटे, बोटाच्या पेराएवढे, त्यांना थोडे दिवस कोरडं ठेवून मग भरपूर पाणी दिलं की फुलं येतात, म्हणून पाणी तोडा हा सल्ला देणारी मंडळी बहुतेक वेळा यांच्याबद्दल बोलत असतात. हेमेरोकॅलिसला कंदच नसतो, जाड फुगीर मुळ्यांचा जुडगा असतो, त्याला कोरडं ठेवायची काही गरज नाही, त्याचं प्रत्येक फूल एकच दिवस टिकतं आणि ते नॉर्मल आहे, फूल सकाळी उमललं आणि रात्री गळालं म्हणून औषध मारू नका. कर्दळ आणि सोनटक्क्याला आडवे गड्डे. कळलावीचा कंद बोटांसारखा, व्ही किंवा एलच्या आकारात वाकलेला, त्याला हात लावताना जपा, पुढे सांगते का ते.

पाच मिनिटांचं काम आहे हे. माती हलकेच उकरायची, फोटो काढायचा, परत झाकायचं.

दुसरं मोठं नाव म्हणजे जिरेनियम. खिडकीत कुंडीत लाल-गुलाबी गुच्छ येतात, पानावर गडद घोड्याच्या नालासारखा पट्टा असतो, देठ जाडजूड, ते पेलार्गोनियम. आणि जमिनीवर पसरणारं, नाजूक देठांचं, थंडीत वरचा भाग सुकून परत मुळातून फुटणारं ते खरं जिरेनियम. लिनियसने दोघांना एकाच जीनसमध्ये ठेवलं होतं, १७८९ साली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरिटिए याने पेलार्गोनियम वेगळं केलं, पण तोपर्यंत जुनं नाव लोकांच्या तोंडात बसलं होतं आणि दोनशे वर्षांहून जास्त झाली तरी ते निघालेलं नाही. ओळखायचं असेल तर एकच फूल तोडून तळहातावर ठेवा. पाचही पाकळ्या सारख्या, चाकासारख्या गोल मांडलेल्या असतील तर जिरेनियम. वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिघींपेक्षा आकाराने किंवा रंगाने वेगळ्या, म्हणजे फुलाला चेहरा असल्यासारखं वाटत असेल तर पेलार्गोनियम. भरगच्च डबल फुलं असली तर हे नीट कळत नाही, तेव्हा पान आणि देठ बघा. हे का महत्त्वाचं, तर बर्फ पडणाऱ्या ठिकाणी जिरेनियम बाहेर राहतं आणि पेलार्गोनियम एका रात्रीत जातं, आणि मग लोक म्हणतात की पुस्तकात तर लिहिलं होतं हे थंडी सोसतं म्हणून.

ब्राह्मीचा घोळ तर मला सगळ्यात जास्त सतावतो, कारण ही लोक पोटात घेतात. ब्राह्मी म्हणून दोन पूर्ण वेगळी झाडं दिली जातात. एक बाकोपा मोनिएरी, जमिनीला धरून पसरणारी, पानं छोटी, जाडसर, रसाळ, समोरासमोर, आणि फूल पांढरट-जांभळट पाच पाकळ्यांचं. दुसरी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी, पान गोल, मूत्रपिंडासारखं, कडेला बारीक कातरलेलं, एकेका लांब देठावर उभं. दोन्ही ओलाव्यात वाढतात म्हणून कुंडीतलं वागणं सारखं वाटतं, पण पान एकदा शेजारी शेजारी ठेवून बघितलं की परत कधी चूक होणार नाही. आणि एवढ्यावर भागत नाही, हँगिंग बास्केटसाठी बाकोपा नावाने जे पांढऱ्या फुलांचं रोप मिळतं ते या दोन्हींपैकी नाही, ते कीनोस्टोमा कॉर्डेटम, आधीचं सुटेरा. तेव्हा टॅगवर बाकोपा वाचून कोणी त्याची पानं औषध म्हणून खायला जाऊ नका, प्लीज. शंखपुष्पीचंही असंच, कोणी कॉन्व्हॉल्व्ह्युलसला म्हणतं, कोणी इव्हॉल्व्ह्युलसला, कोणी गोकर्णीला.

ब्रह्मकमळाचं सगळ्यांना माहीत असेल असं वाटतं पण अजूनही लोक विचारतात. कुंडीत जे असतं, सपाट पानासारखे दिसणारे लांब फाटे, रात्री उमलणारं मोठं पांढरं सुगंधी फूल, सकाळपर्यंत माना टाकणारं, ते एपिफायलम ऑक्सिपेटलम, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला निवडुंग, आणि ती पानं म्हणजे खरं तर खोड आहे. हिमालयात खूप उंचावर सापडणारं ब्रह्मकमळ म्हणजे सॉस्युरिया ऑब्व्हॅलाटा, सूर्यफुलाच्या कुळातलं, त्यात फिकट पिवळट कागदी आवरणाच्या आत जांभळी फुलं असतात. हा फरक कळला की दोन प्रश्न आपोआप सुटतात. एक म्हणजे हिमालयातलं फूल मग गरम हवेत कसं वाढतं हा प्रश्न पडत नाही, आणि दुसरं म्हणजे त्याला निवडुंगाची निगा लागते, पाण्याचा निचरा होणारी माती आणि कडक ऊन टाळून भरपूर उजेड, हे कळतं.

मधुमालतीवरून तर मी घरातच वाद बघितलाय. गुच्छात फुलं, संध्याकाळी पांढरी उमलतात, मग गुलाबी होतात, मग लाल, एकाच गुच्छात तिन्ही रंग, ती कॉम्ब्रेटम इंडिकम. जुन्या संदर्भात ती क्विस्क्वालिस इंडिका म्हणून सापडेल, आणि त्या लॅटिन नावाचा अर्थच कोण, कसलं असा आहे, इतका याच्या ओळखीचा प्रश्न जुना. माधवीलता मात्र वेगळी, हिप्टेज बेंघालेन्सिस, पांढऱ्या झालरीदार पाकळ्या, त्यातल्या एकीवर पिवळा डाग, आणि फळाला तीन पंख. फळ बघितलं की निकाल लागतो.

नाइट जॅस्मिन ऐकलं की थांबा आणि विचारा कुठलं. प्राजक्तालाही म्हणतात, रातराणीलाही म्हणतात. प्राजक्ताचं पान खरखरीत, बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखं लागतं, फुलाचा देठ केशरी. रातराणीचं पान गुळगुळीत, फूल बारीक हिरवट-पांढऱ्या नळीसारखं, आणि ती वांग्या-धोतऱ्याच्या कुळातली, तिचे सगळे भाग विषारी, फळं तर जास्तच. खरी जॅस्मिन म्हणजे जॅस्मिनम, त्यात आपला मोगरा, जाई, जुई, कुंदा येतात. केप जॅस्मिन म्हणजे अनंत, क्रेप जॅस्मिन म्हणजे तगर, स्टार जॅस्मिन म्हणजे ट्रॅकेलोस्पर्मम, यापैकी एकही जॅस्मिनम नाही.

बाकीची थोडक्यात. ॲस्टर म्हणून बियांच्या पाकिटात जे येतं ते बहुतेक वेळा कॅलिस्टेफस, चायना ॲस्टर, ते वार्षिक आहे, सीझन संपला की मरणारच, तुम्ही काही चुकलेलं नाही. लॅव्हेंडर घेताना नुसतं फ्रेंच किंवा इंग्लिश यावर जाऊ नका, फ्रेंच म्हणून डेंटाटाही देतात आणि स्टोइकासही, आणि इंग्लिश म्हणतात तो अँगुस्टिफोलिया मूळचा भूमध्य समुद्राकडचा आहे, दमट उकाड्यात तोच सगळ्यात आधी कुजतो. ब्लॅक आइड सुझन ही रुडबेकिया पण आणि थनबर्जियाचा वेल पण. डस्टी मिलर तर पांढरट लव असलेल्या निदान तीन-चार झाडांचं नाव आहे.

दुसरा प्रकार: झाड एक, शास्त्रीय नावं चार

इथे लोक फार वैतागतात. म्हणतात, बोलीतली नावं फसवी म्हणून शास्त्रीय नाव पाठ केलं, आणि आता तेही बदललं. वैताग मला समजतो. पण नाव बदलण्यामागे साधारण दोनच कारणं असतात आणि ती एकदा कळली की त्रास होत नाही.

एक कारण म्हणजे आधी कोणी नाव दिलं हा नियम. तुळशीचंच घ्या. ओसिमम सँक्टम हे नाव सगळ्यांना माहीत, पण ते लिनियसने १७६७ साली दिलेलं. त्याच लिनियसने १७५३ सालीच त्याच झाडाला ओसिमम टेन्युइफ्लोरम म्हटलेलं होतं. नियमाप्रमाणे जुनं नाव चालतं, म्हणून आता टेन्युइफ्लोरम. तुमच्या दारातली तुळस तीच आहे, तिचं काही बदललेलं नाही.

दुसरं कारण म्हणजे नातं नव्याने कळणं, आणि आजकाल डीएनए बघून हे खूप होतं. निशिगंध आधी पोलिअँथेस ट्युबरोसा होता, आता तो घायपाताच्या घरात गेलाय, अगेव्ह अमिका. स्नेक प्लांट सॅन्सेव्हिएरिया होतं, आता ड्रेसिना ट्रायफॅसिएटा. रोझमेरी आता साल्व्हिया रोझमेरिनस, ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने हे २०१९ साली स्वीकारलं तेव्हा पुष्कळ बागवाले चिडले होते. कोलियसने तर सगळ्यांचा अंत बघितला, कोलियस ब्लूमाय, मग सोलेनोस्टेमॉन, मग प्लेक्ट्रँथस, आणि २०१९ सालच्या कामानंतर परत कोलियस, आता कोलियस स्क्युटेलारिऑइडस. ज्यांनी मधल्या काळात लेबलं बदललीच नाहीत ते अर्धे तरी बरोबर ठरले. शेवंतीचंही तसंच, मधे काही वर्षं डेंड्रँथेमा झाली आणि मग खास निर्णय घेऊन परत क्रिसँथेमम केली. मनी प्लांट १८८० साली पोथॉस म्हणून नोंदला गेला, मग सिंडॅप्सस, रॅफिडोफोरा करत करत एपिप्रेम्नम ऑरियमवर आला. तो एवढा फिरला कारण त्याला फूल क्वचितच येतं आणि जुनी ओळख सगळी फुलावरून व्हायची. दुकानात अजून पोथॉसच म्हणतात.

सदाफुलीचं जरा वेगळं आहे, तिथे जुन्या नावामुळे खराच गोंधळ होतो. ती आधी व्हिंका रोझिया होती, आता कॅथरँथस रोझियस, पण बियांच्या पाकिटावर अजून व्हिंका लिहिलेलं असतं, आणि व्हिंका नावाची वेगळी झाडं खरोखर अस्तित्वात आहेत, व्हिंका मायनर आणि व्हिंका मेजर, सावलीत जमिनीवर पसरणारी, थंडी सोसणारी. सदाफुली मूळची मादागास्करची, तिला ऊन पाहिजे. व्हिंका सावलीत लावा असं वाचून कोणी सदाफुली झाडाखाली लावली तर ती उंच आणि किडकिडीत होणार आणि फुलं देणार नाही. ही तक्रार मी कितीदा ऐकलीय.

तर दोन शास्त्रीय नावं समोर आली तर ती दोन झाडं की एकच, हे कसं तपासायचं? लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानाची प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन ही वेबसाइट उघडा, फुकट आहे, त्यात नाव टाका. नाव स्वीकारलेलं असेल तर तसं लिहिलेलं येतं, आणि जुनं असेल तर हे अमुक नावाचं समानार्थी नाव आहे असं दाखवतं. दोन्ही नावं एकाच पानावर नेऊन पोचवत असतील तर झाड एकच, वाद संपला. दोन वेगवेगळ्या पानांवर नेत असतील तर झाडं वेगळी. सर्चमध्ये द प्लांट लिस्ट नावाची जुनी यादी पण वर येते, ती २०१३ नंतर अपडेट झालेली नाही, तिच्यावर विसंबू नका. स्पेलिंग एका अक्षराने चुकलं तर काहीच सापडत नाही, तेव्हा आधी नुसतं जीनस टाकून यादीतून शोधा.

टॅग कसा वाचायचा

चांगल्या टॅगवर पहिला शब्द जीनसचा, दुसरा स्पीशीजचा, आणि त्यानंतर एकेरी अवतरणात व्हरायटीचं नाव. मधे गुणाकाराची फुली असेल तर तो हायब्रिड. स्पीशीजच्या जागी नुसतं एसपी असेल तर याचा अर्थ विकणाऱ्यालाही स्पीशीज माहीत नाही, तेव्हा त्या झाडाच्या उंचीवर आणि थंडी-ऊन सोसण्यावर पैज लावू नका.

अवतरणातलं व्हरायटीचं नाव का महत्त्वाचं, तर तसं नाव असलेली बरीच बारमाही झाडं फांदीपासून, गड्डे वेगळे करून किंवा टिश्यू कल्चरने, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या छोट्या तुकड्यापासून, वाढवतात. तुम्ही त्याच्या बिया धरून पेरल्या आणि वेगळ्या रंगाची फुलं आली तर कोणी फसवलेलं नाही, बी पासून ते तसंच निघेल याची खात्री नसतेच. आणि कधी कधी अवतरणातलं नाव एक आणि मोठ्या अक्षरातलं विकायचं नाव दुसरं असतं. सेडम ऑटम जॉय म्हणून जे जगभर विकतात त्याचं व्हरायटीचं खरं नाव हेर्ब्स्टफ्रॉइडे, जर्मन आहे, आणि ते आता सेडमही नाही, हायलोटेलिफियम आहे. म्हणजे तीन लेबलांवर तीन नावं आणि तिन्ही कुंड्यांत एकच झाड. मी ओळखीच्या एकांना हे झाड दोनदा विकत घेताना बघितलंय.

स्पीशीजचा शब्द मात्र फार कामाचा असतो, तो नुसता पाठ करायचा नसतो. रेपेन्स किंवा रेप्टन्स म्हणजे सरपटणारं, मग ते पसरणार, जागा ठेवा. स्कँडेन्स म्हणजे चढणारं, आधार द्या. पॅलुस्ट्रिस म्हणजे दलदलीतलं, पाणी साचलेलं चालेल. नाना म्हणजे बुटकं. ओडोराटा म्हणजे सुगंधी. ऑफिसिनॅलिस म्हणजे पूर्वी औषधाला वापरलं जायचं ते. आल्बा पांढरं, पण जीनसप्रमाणे तेच आल्बस किंवा आल्बम होतं, ते वेगळं समजू नका. ठिकाणांच्या नावांवर मात्र भरवसा नको. सिला पेरुव्हियाना पेरूची नाही, भूमध्य समुद्राकडची आहे, आणि हिबिस्कस सिरियाकस सीरियाचा नाही, पूर्व आशियातला आहे. चुकलेलं असलं तरी नाव बदलता येत नाही, नियमच तसा आहे.

टॅगच नसेल तर

मोबाईलवर फोटो टाकून ओळखणारी ॲप्स सगळे वापरतात, मीही वापरते, पण त्यांचं उत्तर जीनसपर्यंत धरा आणि स्पीशीज स्वतः ताडून बघा. एकाच फोटोवर निकाल घेऊ नका. फुलाचा समोरून एक, बाजूने एक, पानाचा पुढून-मागून, पानं खोडावर समोरासमोर आहेत की आलटून पालटून ते दिसेल असा एक, आणि कंद असेल तर कंदाचा. फूल नसेल तर थांबा. खरंच थांबा, एक सीझन झाड आहे तिथेच ठेवून मधलं पाणी आणि मधलं ऊन द्या, अंदाजाने नाव ठरवून त्याला खणून हलवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

विषाचं जरा वेगळं बोलते, कारण इथे नावाची चूक झाडावर थांबत नाही. घरात मांजर असेल तर लिलियम आणि हेमेरोकॅलिस दोन्ही घरात आणू नका, पान चावलं किंवा अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मांजराची किडनी निकामी होऊ शकते, लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावं लागतं. पीस लिलीने तोंडाची आग होते, लाळ गळते, पण तो हा प्रकार नाही. म्हणजे लिली मांजराला चालते का या प्रश्नाचं उत्तर कुठली लिली हे कळल्याशिवाय देताच येत नाही, आणि जे कोणी देतात ते कृपा करून थांबा. कळलावीच्या सगळ्या भागात कोल्चिसिन हे विष असतं, कंदात भरपूर, आणि तो खाण्याच्या कंदासारखा दिसू शकतो, तेव्हा लहान मुलं असतील तर कंद उघड्यावर ठेवू नका. हात लावल्यावर हात धुवा.

शेवटी टॅगबद्दल एक छोटी गोष्ट. मार्करने लिहिलेलं उन्हात उडतं, पेन्सिलने लिहिलेलं वर्षानुवर्षं राहतं, प्लास्टिकच्या पट्टीवरसुद्धा. माझ्या प्रत्येक कुंडीत अशी पट्टी आहे, अर्धी मातीत खुपसलेली. एका बाजूला शास्त्रीय नाव आणि कंसात जुनं नाव, दुसऱ्या बाजूला ज्याने दिलं त्याने सांगितलेलं नाव आणि महिना-वर्ष. त्या वाचलेल्या हिप्पिॲस्ट्रमच्या पट्टीवर मागच्या बाजूला अजून लिली असंच आहे, कारण मैत्रीण तिच्या कंदांबद्दल फोनवर विचारते तेव्हा मला ते त्याच नावाने शोधायचं असतं.

तर आता तुमची लिली फुलत नसेल तर विचारताना एवढं द्या: कंदाचा किंवा मुळांचा फोटो, पान किती रुंद आहे, मागे कधी फूल आलं असेल तर त्याचा रंग आणि ते किती दिवस टिकलं, आणि कंद मातीत किती खोल आहे. पाणी आणि खताचं त्यानंतर बोलू.